विश्लेषण : धडा मोबाइलवर आला, शिकायला वेळ कोण देणार?

घरबसल्या पदवी, मोबाइलवर कौशल्य प्रशिक्षण, कामाच्या टेबलावर एआय. शिकण्याची साधने इतकी स्वस्त आणि इतकी जवळ कधीच नव्हती. तरीही अभ्यासक्रम सुरू करणारे खूप आणि पूर्ण करणारे थोडे, हे चित्र बदललेले नाही. असे का होते आणि महाराष्ट्राच्या मुक्त विद्यापीठाचे घर असलेल्या नाशिकला त्याचे उत्तर कुठे सापडू शकते, याचा आढावा.

तंत्रज्ञानाने नेमके काय स्वस्त केले?

कोणतीही गोष्ट शिकायला चार गोष्टी लागतात. शिकण्याचा मजकूर, अडले तर सांगणारा माणूस, हात बसेपर्यंतचा सराव आणि या तिन्हींसाठी लागणारा वेळ. गेल्या पन्नास वर्षांत रेडिओ, दूरदर्शन, उपग्रह, संगणक आणि आता मोबाइल यांनी यातील पहिली गोष्ट जवळपास फुकट करून टाकली. सुरगाण्यातील मुलगी आणि पुण्यातील मुलगा आज एकच व्हिडीओ पाहू शकतात. नेटवर्क असेल तर अंतराचा प्रश्न उरत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीत तंत्रज्ञान थोडीफार मदत करते. प्रश्न विचारला की उत्तर मिळते, चूक झाली की लाल खूण येते. चौथ्या गोष्टीपुढे मात्र तंत्रज्ञानाचा इलाज चालत नाही. दिवस चोवीस तासांचाच असतो. पाळी संपवून घरी आलेल्या कामगाराकडे, स्वयंपाक आणि धुणीभांडी आटोपलेल्या गृहिणीकडे किंवा शाळेनंतर शेतावर जाणाऱ्या मुलाकडे शिकायला किती वेळ उरतो, हे ॲप ठरवत नाही. ते घर ठरवते, कारखाना ठरवतो आणि शेवटी सरकारचे धोरण ठरवते. तंत्रज्ञान आणि शिक्षण यांच्यावरील चर्चेत हाच मुद्दा बहुतेक वेळा निसटतो.

या चर्चेत नाशिकचे स्थान काय?

ब्रिटनमध्ये १९६९ साली मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि १९७१ पासून तेथे विद्यार्थी शिकू लागले. बीबीसीवरील कार्यक्रम आणि टपालाने येणारी पुस्तके यांच्या आधारावर नोकरदार माणसे पदवीधर होऊ लागली. भारतात १९७५-७६ या वर्षात उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. १९८२ मध्ये हैदराबादला देशातील पहिले मुक्त विद्यापीठ उभे राहिले, १९८५ मध्ये दिल्लीत इग्नू आले.

महाराष्ट्राने १ जुलै १९८९ रोजी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन केले. ते मुंबई-पुण्यात न होता नाशिकमध्ये झाले. गंगापूर धरणाच्या परिसरात, गोवर्धन शिवारात त्याचे मुख्यालय आहे. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले हे त्याआधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते आणि पुढे ते इग्नूचेही कुलगुरू झाले. विद्यापीठाचे ब्रीद ठरले, ‘ज्ञानगंगा घरोघरी’. गोदावरीला ‘गंगा’च म्हणणाऱ्या नाशिककरांना हे ब्रीद वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इंटरनेट घराघरात येण्यापूर्वी जवळपास दोन दशके या विद्यापीठाने शिक्षण घरापर्यंत नेण्याचे काम सुरू केले होते. त्यामुळे ‘शिक्षण घरी पोहोचल्यावर पुढे काय होते’ या प्रश्नाचा अनुभव नाशिकइतका जुना असलेली शहरे देशात फार थोडी आहेत.

मुक्त विद्यापीठाचे खरे तंत्रज्ञान कोणते होते?

अनेकांना वाटते की दूरशिक्षण म्हणजे पुस्तके टपालाने पाठवणे. मुक्त विद्यापीठाच्या रचनेत पुस्तक हा निम्माच भाग होता. ते पुस्तकही वेगळ्या पद्धतीने लिहिलेले. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टे, मध्येमध्ये स्वतःला तपासायचे प्रश्न, शेवटी सारांश. शिक्षक समोर नसताना वाचणाऱ्याला आपण कुठे आहोत हे कळावे, अशी ती मांडणी. आज ऑनलाइन अभ्यासक्रमांत छोटे व्हिडीओ आणि त्यामागून येणारी प्रश्नमंजूषा असते, ती याच विचाराची पुढची पायरी आहे.

दुसरा निम्मा भाग होता अभ्यासकेंद्र. राज्यभरातील महाविद्यालयांत आणि संस्थांत ही केंद्रे उभी राहिली, त्यांच्यावर आठ विभागीय केंद्रांची देखरेख आली. सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्र, अडचण विचारायला समंत्रक, गृहपाठ आणि त्याची तारीख. यात दिखाऊ असे काहीच नव्हते; पण नोकरी करणाऱ्या माणसाच्या आठवड्यात शिकण्यासाठी एक ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि ओळखीचा माणूस यातून तयार होत असे. शिवाय बारावी न झालेल्यांसाठी त्या काळात पूर्वतयारीची वाट होती. शाळा अर्धवट सुटलेल्या अनेक महिलांना आणि कामगारांना पदवीपर्यंत जाण्याचा रस्ता त्यातून मिळाला.

या सगळ्याचा सार एवढाच, की पुस्तकाने अंतर कापले आणि केंद्राने वेळ बांधून दिला. जिथे केंद्र जिवंत राहिले तिथे विद्यार्थी टिकला. जिथे केंद्र फक्त अर्ज भरण्याची आणि परीक्षेची जागा उरले, तिथे पुस्तक घरी पोहोचूनही कपाटात राहिले.

मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम अर्धवट का सुटतात?

२०१२ नंतर अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांनी आपले अभ्यासक्रम इंटरनेटवर मोफत खुले केले. आता महाविद्यालयांच्या भिंती गळून पडतील, असे त्या वेळी अनेकांना वाटले. प्रत्यक्षात काय झाले? एमआयटी आणि हार्वर्ड यांच्या २०१२ ते २०१८ या काळातील ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम तीन टक्के होते. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते, त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होते.

याचा अर्थ लोक आळशी आहेत असा काढणे सोपे आहे, पण तो अपुरा आहे. पैसे भरणारा माणूस बहुतेक वेळा आधीच शिकलेला, स्थिर नोकरीतला, कशासाठी शिकायचे हे ठाऊक असलेला असतो. त्याने आपला वेळ आधीच बाजूला काढलेला असतो. मोफत नोंदणी करणाऱ्याकडे इच्छा असते, पण आठवड्यातला मोकळा तास नसतो. मजकूर फुकट झाल्याने इच्छा असलेल्यांची रांग वाढली, शेवटपर्यंत पोहोचणाऱ्यांची तेवढी वाढली नाही.

भारतात २०१७ पासून ‘स्वयं’ या सरकारी मंचावर अभ्यासक्रम उपलब्ध आहेत आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यातील श्रेयांक पदवीत मोजून घेता येतात. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० नंतर श्रेयांकांची बँकही आली. शिक्षण थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोय त्यामुळे कागदावर तरी झाली. दार उघडले हे खरे. त्या दारातून आत येण्याइतका वेळ कोणाकडे आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

शाळेत पडदा आल्याने मुले जास्त शिकली का?

पेरू या देशाने ग्रामीण शाळांतील मुलांना मोठ्या संख्येने लॅपटॉप वाटले. पुढे तीनशेहून अधिक शाळांचा अभ्यास झाला तेव्हा गणित आणि भाषा या विषयांत मुलांची प्रगती इतरांपेक्षा वेगळी दिसली नाही. यंत्र होते, पण त्याचे करायचे काय हे शिक्षकाच्या दिवसात बसवलेले नव्हते.

याउलट उदाहरण दिल्लीतले आहे. तेथे सहावी ते नववीच्या मुलांना शाळेनंतर एका केंद्रात बोलावले जाई. आठवड्यात सहा दिवस, रोज दीड तास. त्यातील पाऊण तास ‘माइंडस्पार्क’ या संगणक प्रणालीवर, जी मुलाची खरी पातळी ओळखून तेथून शिकवते. उरलेला पाऊण तास लहान गटात साहाय्यकाबरोबर. साडेचार महिन्यांत या मुलांनी तुलनेच्या गटापेक्षा गणितात सुमारे दुप्पट प्रगती केली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची चर्चा बहुधा संगणक प्रणालीसाठी होते. पण रोज ठरलेला दीड तास आणि सोबत बसणारा माणूस हेही त्या प्रयोगाचे भाग होते. नाशिकच्या जुन्या अभ्यासकेंद्राशी त्याचे नाते सरळ आहे.

महाराष्ट्राला हा धडा करोनाकाळात मिळाला. २०२० मध्ये शाळा बंद असताना दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. मोबाइल नसलेल्या घरांतही टीव्ही असतो आणि कार्यक्रम ठरलेल्या वेळी लागतो, हे तिचे बळ होते. त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्याचे त्यांचे काम सर्वांना ठाऊक झाले. कोड स्कॅन केल्यावर धडा उघडतो, पण त्या धड्यापर्यंत मुलाला आणणारा शिक्षक तिथे होता, ही बाब मात्र मागे पडली.

घरातला मोबाइल कोणाच्या हातात असतो?

‘असर’ या सर्वेक्षणाने २०२३ मध्ये २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयोगटाची पाहणी केली. सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो वापरायलाही त्यांना येत होता. स्वतःचा फोन मात्र वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे, तर मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडेच होता. त्याच पाहणीत सुमारे एक चतुर्थांश मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत सलग वाचता आला नाही.

या आकड्यांत वेळेचाच प्रश्न दडलेला आहे. घरातला फोन वडिलांबरोबर किंवा भावाबरोबर बाहेर गेला, की मुलीचा अभ्यास संध्याकाळपर्यंत थांबतो. संध्याकाळी फोन आला, तर तिच्या वाट्याला स्वयंपाकघर येते. ‘मोबाइलवर सगळे उपलब्ध आहे’ हे वाक्य तिच्या बाबतीत खरे असूनही निरुपयोगी ठरते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतील डोंगरपाड्यांवर नेटवर्कचीही अडचण त्यात मिळते.

द्राक्षबागायतदार इतके भराभर कसे शिकले?

प्रौढ माणसे नवे तंत्र शिकत नाहीत, हा समज नाशिक जिल्ह्याने केव्हाच खोटा ठरवला आहे. युरोपात द्राक्षे पाठवायची तर कीडनाशकांचे अंश ठरावीक मर्यादेच्या आत लागतात. त्यासाठी अपेडाने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय नोंदप्रणाली आणली. प्रत्येक बागेची नोंद, फवारणीचा हिशेब, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस आणि प्रमाणपत्र असा सगळा माग त्यात ठेवला जातो. कोणते औषध छाटणीनंतर कधी मारायचे आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे, हे निफाड-दिंडोरीचा शेतकरी आज सहज सांगतो. यातले बरेच शब्द त्याच्या वडिलांच्या कानावरही पडले नव्हते.

२०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्याने भारतीय द्राक्षांना युरोपात मोठा फटका बसला. बागायतदार ज्याला ‘सीसीसी’ म्हणतात तेच हे औषध. त्या एका हंगामाने जे शिकवले ते कोणत्याही कार्यशाळेने शिकवले नसते. पुढे बागायतदार संघाची चर्चासत्रे, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले, मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकरी कंपन्यांची यंत्रणा, एकमेकांच्या बागेतील शिवारफेरी आणि आता व्हॉट्सॲप गट यांतून ते ज्ञान पसरले.

इथे शिकणे हे कामापासून वेगळे काढलेले नाही, हे लक्षात घ्यायला हवे. बाग पाहायला जाणे हेच काम आणि तेच शिकणे. शिकले नाही तर माल परत येतो, शिकले तर दर मिळतो. शेतकऱ्याला त्यासाठी रात्री अकरा वाजता व्हिडीओ पाहावा लागत नाही. वेळ कामातच धरलेला आहे, म्हणून शिकणे टिकले. अर्थात ज्याची स्वतःची बाग आहे त्याच्यासाठी हे खरे आहे. त्याच बागेत रोजंदारीवर छाटणी आणि विरळणी करणाऱ्या मजुराला फवारणीचे शास्त्र कोणी मुद्दाम सांगत नाही, कारण त्याचा वेळ त्याच्या मालकीचा नसतो.

कारखान्यात परिस्थिती काय आहे?

ओझरचा एचएएल कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ विमाने बनवण्यासाठी उभा राहिला. पुढे तेथे मिग-२७ झाली, सुखोई-३० एमकेआय झाली. २०२५ मध्ये २६ सप्टेंबरला मिग-२१ हवाई दलातून निवृत्त झाले आणि १७ ऑक्टोबरला ओझरमध्ये तयार झालेल्या पहिल्या तेजस एमके-१ए ने येथूनच उड्डाण केले. साठ वर्षांत एकाच कारखान्यात विमानांच्या कित्येक पिढ्या बदलल्या. प्रत्येक वेळी शेकडो हातांना नवे काम शिकावे लागले. हे शिकणे कामगारांच्या सुट्टीवर सोडून चालणारे नव्हते. विमानाचा सुटा भाग चुकला तर परिणाम काय होतो, हे व्यवस्थापनाला ठाऊक असल्याने प्रशिक्षण हा कामाचाच भाग राहतो.

सातपूर आणि अंबडमधील लहान कारखान्यांचे गणित वेगळे आहे. दहा-पंधरा माणसांच्या वर्कशॉपमध्ये साध्या लेथवरून सीएनसी आला, तेव्हा मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस दोन-तीन दिवस शिकवून गेला. उरलेले एकमेकांना पाहून, चुकत-माकत आणि यूट्यूबवर. ऑपरेटर सायकल चालू करायला शिकतो, पण प्रोग्राम लिहायला, टूल का तुटले ते शोधायला शिकत नाही. कारण त्यासाठी मशीन थांबवावे लागते आणि थांबलेल्या मशीनचा हिशेब तासावर होतो.

कायदा या बाबतीत अगदीच गप्प नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीत सहा महिन्यांसाठी बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय व पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये दरमहा विद्यावेतन ठरवले. हे दोन्ही नव्याने येणाऱ्यांसाठी आहेत. पंधरा वर्षे नोकरी झालेल्या आणि यंत्र बदलल्याने मागे पडू लागलेल्या चाळिशीच्या कामगारासाठी अशी ठरलेली वाट दिसत नाही. त्याला ‘ऑनलाइन काहीतरी शिका’ एवढाच सल्ला मिळतो.

एआय आल्याने हा प्रश्न सुटेल का?

एआयमुळे ‘अडले तर सांगणारा माणूस’ ही दुसरी गरजही भागेल, असा दावा आता केला जातो. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील एका कंपनीच्या पाच हजारांहून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात एआयच्या मदतीने काम सरासरी सुमारे १४ टक्क्यांनी वाढले आणि नवख्यांचे तर ३४ टक्क्यांनी. अनुभवी सहकाऱ्यांची हातोटी एआयमार्फत नवख्यांपर्यंत पोहोचली.

पण काम होणे आणि शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुर्कस्तानातील एका शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात साधा चॅटबॉट हाती असलेल्या मुलांनी गणिताचा सराव ४८ टक्के चांगला केला. नंतर चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ती मुले कधीच चॅटबॉट न वापरलेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. ज्या गटाला उत्तर न देता फक्त इशारे देणारा चॅटबॉट दिला होता, त्या गटाचे असे नुकसान जवळपास झाले नाही. उत्तर लगेच मिळाले की वेळ वाचतो. पण शिकणे बहुधा त्या वाचलेल्या वेळातच होणार असते.

नोकरीतही हाच धोका आहे. सीएच्या कार्यालयात नवा मुलगा आधी टॅलीत नोंदी करतो, बिले जुळवतो. अभियांत्रिकी कंपनीत नवी मुलगी आधी जुन्या ड्रॉइंगमध्ये दुरुस्त्या करते. ही कामे कंटाळवाणी असतात, पण तीच त्या व्यवसायाची शाळा असते. एआयने ही कामे उरकली, तर कंपनीचा खर्च वाचेल. दहा वर्षांनी चूक ओळखणारा वरिष्ठ कोणत्या पायऱ्या चढून आलेला असेल, हे मात्र आज कोणी विचारत नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, शिकण्याचा तास कामाच्या वेळेत धरला पाहिजे. आठवड्यातून दोन तास, पगारासह, पाळीच्या आत. शिकून आलेल्याच्या हुद्द्यात किंवा वेतनात त्याचा परिणाम दिसला पाहिजे. लहान उद्योजकांचा यावर रास्त आक्षेप असतो. मशीन थांबवणे परवडत नाही आणि शिकवलेला माणूस मोठ्या कंपनीत निघून जातो. हा आक्षेप एकट्या वर्कशॉपने सोडवायचा नाही. निमा आणि आयमा या उद्योजक संघटना, आयटीआय आणि मुक्त विद्यापीठ यांनी मिळून वसाहतीतच सामायिक केंद्र चालवले, तर खर्च वाटला जातो. माणूस एका कारखान्यातून दुसऱ्यात गेला तरी नाशिकमध्येच राहतो. आज गेलेला माणूस भरून काढायला उद्या शिकलेला दुसरा मिळतो.

दुसरी गोष्ट, अभ्यासकेंद्र पुन्हा जिवंत करणे. ते पाळीच्या वेळा पाहून सकाळी आणि रात्री उघडे असावे, तेथे टॅबलेट आणि इंटरनेट असावे आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे मानधन वेळेवर मिळणारा समंत्रक असावा. वाचनालये, ग्रामपंचायतींच्या इमारती, संध्याकाळी रिकाम्या राहणाऱ्या शाळा यांचा त्यासाठी उपयोग होऊ शकतो. ज्या शहरात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय चालते, त्या शहराला चार माणसांनी एकत्र बसून शिकण्याच्या जागेचे मोल नव्याने सांगायला नको. मुलींना तर अशी जागा घरातल्या फोनपेक्षा अधिक उपयोगाची. तिथे गेल्यावर तो एक तास तिचा असतो.

तिसरी गोष्ट, मोजमाप बदलणे. किती टॅबलेट वाटले, किती वर्ग डिजिटल झाले, किती जणांनी नोंदणी केली, हे आकडे जाहिरातीला बरे दिसतात. किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, त्यात महिला किती, चाळिशीपुढचे किती आणि पूर्ण केल्यावर कामात काय बदलले, हे आकडे जाहीर झाले पाहिजेत. एआयचा वापर वर्गात जरूर व्हावा, पण परीक्षा एआयशिवाय काय येते याची व्हावी.

‘ज्याला शिकायचे तो वेळ काढतोच’ हे खरे नाही का?

दिव्याखाली अभ्यास करून मोठ्या झालेल्यांच्या कथा आपल्याकडे भरपूर आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पण त्या अपवादाच्या कथा आहेत, म्हणूनच सांगितल्या जातात. शिक्षणव्यवस्था अपवादांसाठी उभारायची नसते. सामान्य जिद्दीचा, थकलेला, घरची जबाबदारी असलेला माणूस तीतून पुढे गेला पाहिजे. मुक्त विद्यापीठाची कल्पना नेमकी त्याच माणसासाठी जन्माला आली होती.

तंत्रज्ञानावर खर्च करणे सोपे असते. वस्तू विकत घेता येते, तिचे उद्घाटन करता येते. कोणाला तरी रोज एक तास मोकळा करून देणे कठीण असते, कारण तो तास कोणाच्या तरी नफ्यातून, कोणाच्या तरी सोयीतून किंवा कोणाच्या तरी आयत्या जेवणातून काढावा लागतो. शिकणाऱ्याने तो एकट्याने झोपेतून काढावा, अशीच आजची व्यवस्था आहे. १९८९ मध्ये प्रश्न होता ज्ञान घरापर्यंत न्यायचे कसे, आणि त्याचे बरेचसे उत्तर मिळाले. आता ते घरातल्या कोणाला, दिवसाच्या कोणत्या तासाला आणि कोणाच्या खर्चाने मिळणार, हे ठरवायचे आहे. ते कारखानदार, विद्यापीठ, सरकार आणि प्रत्येक घर यांनाच ठरवावे लागेल.